मुकं जेवण

४ ऑक्टोबर

ह्यांच्या फोटोची चौकट आणायला गेले आणि सोबत चेटकिणींचं पुस्तक घेऊन आले!

फ्रेमवाली काच पुसत होती. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत फळीवर एक सुरी, मिठाची वाटी, वाळलेल्या पानांच्या जुड्या. हे काय, म्हणून विचारलं. "मी चेटकीण आहे," म्हणाली. जसं कुणी 'मी चहा घेत नाही' म्हणावं तसं! सहासात जणी आहेत म्हणे, महिन्यातून एकदा जमतात, कुणाचं वाईट करत नाहीत.

"मग सुरी कशाला?"

"वर्तुळ आखायला. तिने कांदासुद्धा कापायचा नसतो."

फोटो बांधताना म्हणाली, "हसरे होते." होते. माझं तोंड बघून पुस्तक हातात ठेवलं. मी मागितलं नव्हतं. नकोही म्हटलं नाही.

७ ऑक्टोबर

शब्दकोश मांडीवर घेऊन वाचते आहे. हे असते तर म्हणाले असते, "एवढं वाचून वकील होणार का?"

जुना धर्म म्हणवतात, पण पुस्तकातच कबूल केलंय की आजचा हा प्रकार शंभर वर्षांचाही नाही. जुन्या चालीरीती, ऐकीव गोष्टी, थोडी कल्पना — ठिगळं जोडून शिवलेला. मला राग नाही आला. मी दिवसभर दुकानात लोकांच्या कोटांना रफूच करते. ठिगळानेही थंडी अडते.

आणि पूर्वी चेटकीण म्हणून ज्यांना मारलं, त्यांत म्हाताऱ्या आणि विधवा किती! एकटी पडलेली, मांजर पाळते, स्वतःशी पुटपुटते — तेवढं पुरायचं. माझ्याकडे मांजर नाही, एवढंच.

८ ऑक्टोबर

आजही. जिन्यात पाऊल वाजलं आणि आतून सासूबाई, "बाई, तो आला का?"

मला त्या नर्स समजतात. मुलगा गेला हे त्यांच्या डोक्यात राहत नाही. सुरुवातीला खरं सांगून पाहिलं. प्रत्येक वेळी त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. आता नुसतं म्हणते, "येईल."

पूर्वी त्या दिरांकडे असायच्या, दुसऱ्या गावी. रोज संध्याकाळी फोन. "आलास का रे?" हे फोन खांद्याने कानाशी दाबून नळ सोडायचे. "आलो, आई. हात धुतोय." लिफ्ट दुरुस्तीच्या ग्रीसचे हात, धुऊन धुऊन निघायचे नाहीत. हे गेले, आणि दिरांनी त्यांना इथे आणलं. म्हणाले, तुम्हालाही सोबत.

सोबतच आहे. चमच्याने भरवते, पुसते, निजवते. आणि संध्याकाळ झाली की तो प्रश्न.

१२ ऑक्टोबर

दीर आले होते. वृद्धाश्रमात जागा निघाली आहे. "वहिनी, तुम्ही फक्त हो म्हणा. बाकी सगळं मी बघतो. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला सांगावं लागेल."

टेबलावरचं पुस्तक उचललं. "आता चेटूक? आईचं मांजर करू नका हं!"

"करते ना. भरवायला सोपं जाईल."

दोघं हसलो. मग त्यांनी बूट घालता घालता, माझ्याकडे न बघता विचारलं, "किती दिवस खोटं बोलणार तिच्याशी?"

हो म्हणायचं अगदी ओठांवर होतं. इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे बोलू? तो प्रश्न आला की हे नव्याने जातात. रोज. माणसाला एकदा पोचवता येतं. रोज कसं पोचवायचं?

१९ ऑक्टोबर

फ्रेमवालीकडे. पुस्तकातल्या एका प्रकरणावर अडले होते — मुकं जेवण. ऑक्टोबरच्या शेवटच्या संध्याकाळी गेलेल्या माणसासाठी ताट मांडायचं. मांडताना उलटं चालायचं, जेवण शेवटाकडून सुरू करायचं, आधी गोड, शेवटी सूप. पहिल्या घासापासून ताटं उचलेपर्यंत अवाक्षर बोलायचं नाही. त्या खुर्चीकडे बघायचं नाही. आणि जिवंत माणसाने तिच्यावर बसायचं नाही. कुणी बसलंच तर लगेच हाक मारून उठवायचं.

"न उठवलं तर?"

"मग आलेला जात नाही, म्हणतात."

"तुम्ही मांडता?"

"आईसाठी."

"येते?"

काचेवर फुंकर घातली, पुसली. "खुर्ची रिकामी दिसत नाही, एवढं सांगते."

मला एवढंही चालेल. गेले त्या सकाळी हे दारातून "येतो" म्हणाले होते. जातो म्हणायचं नसतं ना! म्हणून अजून मी दाराला आतून साखळी लावत नाही.

२३ ऑक्टोबर

दिरांचा फोन. उचलला नाही.

१ नोव्हेंबर

काल मांडलं. लिहून ठेवते.

सासूबाईंना लवकर भरवून निजवलं. निदान मला तसं वाटलं. दुकानातलं काळं अस्तर टेबलावर पसरलं. उलटं चालत ताटं आणताना दाराच्या चौकटीवर कोपर आपटलं आणि हसू आलं. हे हसले असते. समोर ह्यांची खुर्ची, ह्यांचं ताट, पाव, सुपाची वाटी, चमचा. बाहेर अजून थोडा उजेड होता.

मान खाली घालून शिजवलेलं सफरचंद खात होते. खुर्ची सरकली.

वर बघितलं नाही. बघायचं नव्हतं.

मग चमचा वाटीच्या काठावर वाजला. दोनदा. टक्, टक्.

हे असंच वाजवायचे. लिफ्टच्या खड्ड्यात काम झालं की पान्याने रुळावर दोन ठोके, म्हणजे वरच्याला कळायचं, चालू कर. मी समजायचे, ती कामाची सवय ताटापर्यंत आली आहे. नियम मोडला, वर बघितलं.

सासूबाई! ह्यांच्या खुर्चीत.

सूप घेतलं, चमचा काठावर दोनदा ठोकला, थेंब झटकला, मग तोंडात. न सांडता. पावाचा मऊ भाग आधी, कडा एका रांगेत शेवटाला ठेवलेल्या — ह्यांच्या ताटात असायच्या तशाच. आणि त्या आल्या दिवसापासून मी त्यांच्या हाती चमचा दिलाच नव्हता, सांडतील म्हणून! त्याआधी कधी राहायला आल्या तर सगळ्यांना वाढून मागाहून ओट्याशी एकट्या, उभ्यानेच जेवायच्या. त्यांना जेवताना मी कधी पाहिलंच नव्हतं. ह्यांचं ह्यांचं म्हणून जे मी जपलं, ते सगळं आतल्या खोलीत निजलेलं होतं.

हाक मारून उठवायला हवं होतं. "आई" हा शब्द जिभेवर होता. मारली नाही. उठवलं असतं तर ठोके थांबले असते.

सगळ्या कडा खाल्ल्या. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. ती नजर कुणाची, मला सांगता येणार नाही.

जिन्यात पाऊल वाजलं. त्यांनी विचारलं नाही.

२ नोव्हेंबर

फ्रेमवालीला सगळं सांगितलं. "मग आले की!" म्हणाली.

"कोण?"

ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

३ नोव्हेंबर

दिरांना फोन केला. "त्या कुठेही जाणार नाहीत."

"वहिनी, दमाल तुम्ही."

"दमेन."

"चेटकीण झालात खऱ्या!"

"उशीर झाला जरा," म्हटलं. मग म्हणाले, "ती जेवते का नीट?" आवाज पार लहान मुलासारखा. म्हटलं, स्वतःच्या हाताने जेवतात. या एकदा बघायला.

६ नोव्हेंबर

चमचा आता त्यांच्याच हातात असतो. सांडतं, सांडू दे. पण तो प्रश्न गेला तो गेलाच. पाऊल वाजतं, मी कान देते, आतून काही नाही. सुटले म्हणायला हवं. उलट जीव टांगल्यासारखा होतो. त्यांची वाट संपली. त्यांचं माणूस घरी आलं. आता ह्या घरात वाट बघणारी मी एकटीच!

ह्यांची खुर्ची भिंतीला लावायची राहिली आहे. रोज ठरवते. तिच्या मागून जाताना अंग चोरून जाते, कुणाला धक्का लागू नये म्हणून.

९ नोव्हेंबर

दुकानातून येऊन ओट्याशी उभ्यानेच सूप घेत होते. चमचा काठावर वाजला. टक्, टक्. मीच वाजवला होता. कधी, कसा, कळलं नाही.

आतून सासूबाईंचा आवाज, "आलास का रे?"

मी नळ सोडला.

"आलो, आई. हात धुतोय."

मग जाऊन दाराला आतून साखळी लावली.