आठ कुंड्यांतलं एकच झाड

आदरणीय मेहुणेसाहेब,

दोन वर्षं करायचा राहून गेलेला नमस्कार आज एकदम करतो, तो गोड मानून घ्यावा. तुमचा गुडघा कसा आहे? तुमची बहीण दर रविवारी तुमच्याकडून परत आली की गुडघ्याची सगळी हकीगत सांगते, पण सांगताना ती भांडी लावत असते, त्यामुळे डावा की उजवा हे मला अजून कळलेलं नाही. जो कुठला असेल तो बरा असो. आपण दोन वर्षांत एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही, तेव्हा माझं अक्षर बघून तुम्हाला कुणाचं तरी बरंवाईट झालं असं वाटेल, म्हणून आधीच सांगतो की सगळे धडधाकट आहेत. उलट घरात असा काही आनंद झालाय की परवा मी एका बाईंच्या कवळीत सुळा दाढेच्या जागी बसवला. (लगेच काढला. बाईंना कळलं नाही.) फोनच करणार होतो, दोनदा नंबर लावलाही, पण तुमचं ते खर्जातलं 'हॅलो' ऐकलं की माझी दातखीळ बसते, आणि कवळ्या बनवणाऱ्या माणसाला ते शोभत नाही. म्हणून हे पत्र.

तर बातमी! माझ्या पर्सिमनच्या बोन्सायला फुलं आली! अकरा वर्षांनी! मंगळवारी सकाळी दात घासत गॅलरीत उभा होतो, तर पानांच्या बेचक्यात मोत्याएवढं, पांढुरकं, हिरव्या चार पाकळ्यांची कॉलर घातलेलं फूल. मी तोंडातल्या फेसासकट ओरडलो. तुमची बहीण धावत आली, तिला वाटलं मी पडलो. तुम्हाला आठवतंय ना, आपण दोघांनी एकाच दिवशी, एकाच नर्सरीतून, करंगळीएवढी दोन रोपं आणली होती? नर्सरीवाला म्हणाला होता, ही बुटकी जात आहे, बोन्सायला एक नंबर, पानं सगळी गळून जातात आणि नुसत्या काड्यांवर गोटीएवढी नारिंगी फळं महिनोन्महिने लटकत राहतात. त्या एका वाक्यावर मी अकरा वर्षं काढली आहेत. फळ मात्र एकही पाहिलेलं नाही.

आणि आता वेळ उरलेला नाही, कारण तुमच्या बहिणीने यंदा निर्वाणीचं सांगितलंय. तिचं म्हणणं असं, की अकरा वर्षं मी स्वतःच्या गॅलरीत तिरकी होऊन चालते आहे, ओले कपडे वाळत घालताना कुंड्यांना सॉरी म्हणते आहे, यंदा फळ धरलं तर झाडं राहतील, नाही धरलं तर ती गच्चीवर जातील आणि गॅलरीत माझी खुर्ची येईल. आमची गच्ची तुम्हाला माहीत आहे. पाण्याच्या टाक्या, तापलेली फरशी आणि वरच्या मजल्यावरच्यांचं मांजर. तळहाताएवढ्या कुंडीतलं झाड तिथे आठवडाभरही तग धरणार नाही. म्हणजे ही फुलं टिकतील तेवढे दहा-बारा दिवस माझ्या हातात आहेत, त्यातले सहा हे पत्र लिहीपर्यंत गेले.

या झाडासाठी मी काय काय केलं, हे तुम्हाला ठाऊक नाही, कारण नेमकी तीच दोन वर्षं तुमची हुकली. पहिल्यांदा एक जाड फांदी कापली. कापल्या जागी लेप लावायचा असतो. तो संपला होता. माझ्याकडे कवळीच्या हिरड्यांचा गुलाबी मसाला डबाभर होता, तो लावला. उत्तम बसला, कडक झाला, पाणी आत जाईना. फक्त झाडाला हिरडी आली. पाहुणे यायचे, वाकून बघायचे आणि आपापल्या तोंडावर हात ठेवायचे. वर्षभराने झाडाने स्वतःच ती हिरडी ढकलून बाहेर टाकली, तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

मग बिया. नर्सरीवाल्याने कुठूनशा आठ बिया दिल्या आणि सांगितलं, ओल्या शेवाळात गुंडाळून दोन-अडीच महिने फ्रीजमध्ये ठेवा, थंडी खाल्ल्याशिवाय त्या उगवत नाहीत. मी त्या कवळीच्या डबीत ठेवल्या. (माझ्या घरात दुसरी डबी असणार कुठून?) आता शेजारच्या इमारतीतले निवृत्त हेडमास्तर, त्यांची नवी कवळी तयार होती, तीही तशाच डबीत. ते सकाळी घाईत आले, मी घाईत डबी दिली, ते घाईत एका सत्कार समारंभाला गेले, आणि भाषणाच्या आधी व्यासपीठामागे जाऊन डबी उघडली. भाषण त्यांनी तोंड मिटूनच केलं असं ऐकतो. परत आले ते डबी टेबलावर आपटत, 'पेरायचे का हे दात?' आणि खरी कवळी आमच्या फ्रीजमध्ये, लोण्याच्या बाजूला, गारठून बसलेली. बियांना मात्र त्या फेरफटक्याने काही झालं नाही, सहा उगवल्या. पण त्यातला मुलगा कोण नि मुलगी कोण हे कळायला अजून चार-पाच वर्षं, कारण पर्सिमनमध्ये नर वेगळा, मादी वेगळी. हे वाक्य मी त्या वेळी नुसतं ऐकलं, डोक्यात शिरू दिलं नाही.

बियांना वेळ लागतो म्हणून मी मुळांकडे वळलो. कुंडी बदलताना जाड मुळं छाटावी लागतात, ती काळीकुळकुळीत मुळं पेन्सिलीच्या तुकड्यांसारखी कापून मातीत उभी लावली की प्रत्येकाचं झाड होतं. गंमत एवढीच, की वरचं टोक वरच राहायला हवं. त्यासाठी वर सपाट कापायचं नि खाली तिरकं, म्हणजे लावताना घोटाळा होत नाही. मी दहा तुकडे अगदी तसे कापले. आणि मग, पंचवीस वर्षांची हाताची सवय, हातात काही कापलेलं आलं की मशीनवर घासून गुळगुळीत करायचं! दहाच्या दहा तुकड्यांची दोन्ही टोकं मी अशी चकाचक करून ठेवली की डोकं कुठलं नि पाय कुठले, देवालाही सांगता आलं नसतं. अंदाजाने लावले. तीन गेले. पाच सरळ आले. उरलेले दोन उलटे लागले होते, त्यांचे कोंब खाली निघून, वळसा घालून, धडपडत वर आले. (बघायला येणारे नेमकं त्या दोघांपुढेच उभे राहून म्हणतात, काय वळण दिलंय तुम्ही! मी नम्रपणे मान हलवतो.)

अशी, बियांची पोरं सोडून, मूळ झाड धरून माझी आठ झाली, आणि या मंगळवारपासून त्यातली पाच फुलली! मी गुरुवारी नर्सरीवाल्याला मुद्दाम घरी बोलावलं. खरं सांगतो, शाबासकी घ्यायलाच बोलावलं. तो माझं कामाचं भिंग घेऊन या कुंडीवरून त्या कुंडीवर वाकत गेला आणि शेवटी म्हणाला, ह्या सगळ्या बायका आहेत. मी म्हटलं, आठही? तर म्हणाला, आठ नाहीत हो, बाई एकच आहे. मुळाच्या तुकड्यातून येतं ते नवं झाड नसतं, तेच झाड पुन्हा उगवतं. तुम्ही एकाच बाईला आठ कुंड्यांत बसवलंय, आणि ही फुलं येतील, दोन आठवडे दिसतील आणि नराचा पराग मिळाला नाही तर बहुतेक सगळी गळून पडतील. मी मटकन बसलो. (ज्या स्टुलावर बसलो त्यावर नववी कुंडी होती. तिच्यात झाड नव्हतं, नुसती माती होती, मी त्या मातीत बसलो.)

त्याच्याकडे फुलावर आलेला नर नव्हता. डोकं खाजवत तो म्हणाला, त्या दिवशी मी दोन रोपं विकली होती. तुमच्याबरोबर ते चित्रकलेचे मास्तर होते ना? त्यांच्या झाडाला फुलं येतात का? तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

येतात की! दोन वर्षांपूर्वी तुमचं झाड आधी फुललं, घोसच्या घोस, आणि फळ एक नाही. आणि मी, मत्सराने पेटलेला माणूस, भरल्या पंगतीत म्हणालो, की झाड मालकावर गेलंय, फुलतं फार, फळत काही नाही. सगळे हसले. तुम्ही ताटावरून उठला नाहीत, पण त्यानंतर माझ्याशी बोललाही नाहीत. तीस वर्षं तुम्ही चित्रांचं प्रदर्शन भरवायचं म्हणताय आणि ते राहून जातंय, हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच मी तिथे बोट ठेवलं. आता कळतंय की ते झाड बिचारं नर होतं. त्याच्याकडून फळाची अपेक्षा करणारा मीच गाढव.

असो. बातमी कळवावी एवढ्यापुरतंच लिहायला बसलो होतो, ते लांबलं. घरात सर्वांना यथायोग्य सांगावं, गुडघ्याला शेक चालू ठेवावा. उत्तराची घाई नाही.

आपला,
कवळीवाला

ता. क. उत्तराची घाई आहे. तुमचं झाड सध्या फुललेलं आहे असं तुमची बहीण म्हणाली. ते आठ दिवसांसाठी माझ्या गॅलरीत येऊ शकेल का? मुलीकडची बाजू म्हणून मी खाली मान घालून विचारतो आहे. मानपान, रुसवेफुगवे सगळं सांभाळीन. पाणी माझ्या हाताने घालीन.

आणखी एक ता. क. नर्सरीवाला म्हणतो, चार फुलं डबीत आणली तरी काम भागेल. डबीतलं मला नको. झाड तुम्ही घेऊन या. मी चुकलो, मेहुणेसाहेब. दोन वर्षांत किती गोष्टी झाल्या, हिरडी, हेडमास्तर, उलटी मुळं, आणि प्रत्येक वेळी पहिलं हे मनात आलं की तुम्हाला सांगायला हवं. दुसऱ्या कुणाला सांगून मजा येत नाही.

दादा, पत्र टाकायला ह्यांनी माझ्याकडे दिलंय, तेव्हा मागच्या कोऱ्या जागेत मी लिहिते आहे. रविवारी तू दुपारी झोपला होतास तेव्हा तुझ्या झाडाची एक फुललेली काडी मी तोडून आणली, रागावू नकोस. आज सकाळी हे कामावर गेल्यावर ह्यांच्याच बारीक ब्रशने ती सगळ्या फुलांना लावूनही झाली. फळं धरायची असतील तर आता धरतील, तुझं झाड आलं काय नि न आलं काय. हे ह्यांना मी सांगणार नाही, तूही सांगू नकोस. चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलंय हे पत्र. गच्चीची धमकी दिल्याशिवाय हे लिहायला बसलेच नसते. मी मापं घेतली आहेत, कुंड्या जरा सरकवल्या तर गॅलरीत दोन खुर्च्या मावतात, तुझी आणि ह्यांची. मी आपली आतून बघीन. लवकर ये. आणि समजा तुला निघायला उशीर झाला, झाडावरची सगळी फुलं गळून गेली, तरी ते झाड उचल आणि ये.