अव्वाचा डबा आणि बारीची नुंत्सियाबाई

सोलापूर
श्रावणातला दुसरा सोमवार

तीर्थस्वरूप दाक्षायणीअक्कास,

धाकट्या प्रभुलिंगाचा शरणार्थ. दाजींनाही माझ्या वतीने वाकून नमस्कार सांग. त्यांचा गुडघा आता जिना चढू देतो का, तुझा रक्तदाब गोळीचं ऐकतो की अजून तुझंच ऐकतो, आणि अक्कलकोटात पाऊस कसा आहे, हे सगळं सवडीने कळव. आम्ही उभयता इटलीहून सुखरूप परतलो आहोत. महानंदाचं वजन वाढलं आहे (हे तिच्यापाशी बोलू नकोस, ती माझं सांगत बसेल).

फोन असताना हे पत्र का लिहितो, असं तुझ्या मनात येईल. त्याला कारण तूच. आल्यापासून जेव्हा जेव्हा फोन केला तेव्हा तुझं एकच, "अव्वाचा डबा कुटं हाय ते सांग आदी, बाकीचं र्‍हाऊ दे की." मी "डबा सुखरूप आहे" एवढं म्हणून तिथल्या समुद्राकडे वळलो, की तू फोन दाजींकडे देतेस आणि दाजी तो टीव्हीपाशी नेऊन ठेवतात. मला का कळत नाही? मार्गशीर्षात आपल्या प्रियंकाचं लग्न. अव्वाने तुला, आपल्या लेकीला, सासरी धाडताना लाडू भरून दिलेला तो कडीचा पितळी डबा तुझ्या लेकीच्या रुखवतात मांडला, आता नातीच्या रुखवतातही मधोमध तोच बसायचा. त्यावर कोरलेलं 'चि. सौ. कां. दाक्षायणी हिस अव्वाकडून' वाचल्याशिवाय आपल्यातली एकही बाई मांडवातून हलत नाही. असा डबा तू शेंगाचटणीने गच्च भरून विश्वासाने आमच्या हातात दिलास. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो. पत्र मध्येच दाजींकडे देता येत नाही, हा त्यातला फायदा.

आपली नात सृष्टी शिकायला राहते ते बारी हे गाव इटलीच्या बुटाच्या टाचेशी आहे. त्या मुलखाला पुलिया म्हणतात. जुन्या गावातल्या एका बोळात तिची तिसऱ्या मजल्यावर खोली आहे, आणि खाली, दार थेट बोळात उघडणाऱ्या घरात, घरमालकीण नुंत्सियाबाई राहते. सत्तरी ओलांडलेली, बुटकी, काळ्या कपड्यातली, आणि आवाज असा की तिने शेजारणीला हाक मारली तरी मला वाटायचं भांडण लागलं. (महानंदा तिला पहिल्याच दिवशी नुंत्साक्का म्हणायला लागली. सगळ्या थोरल्या बायका तिला अक्काच वाटतात.)

सृष्टीने आम्हाला खूप फिरवलं. पोलिन्यानो नावाचं पांढरंशुभ्र गाव उंच कड्यावर बसलं आहे आणि खाली निळं पाणी, तळाचे गोटे दिसावेत इतकं नितळ. पण माणसं समुद्र सोडून उन्हात पालथी पडलेली. आम्ही सोलापूरचा मे महिना चुकवायला इतक्या लांब गेलो आणि ही मंडळी सुट्टी काढून ऊन खात होती! आता तू जाणतेस, माझं आयुष्य टॉवेलच्या कारखान्यात माल तपासण्यात गेलं. चहूकडे टॉवेलच टॉवेल पसरलेले बघून माझे हात शिवशिवायला लागले. एका टॉवेलचा काठ मला ओळखीचा वाटला, म्हणून मी गुडघे टेकून कोपरा उलटा करून शिवण बघायला लागलो. त्यावर एक बाई झोपल्या होत्या हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही, पण तपासनीस आधी माल बघतो. त्या किंचाळल्या. त्यांचा नवरा आला, तो दारासारखा रुंद होता. मी छातीवर हात आपटून "सोलापूर, सोलापूर" म्हणत राहिलो, त्याने तो अधिकच पेटला. शेवटी सृष्टी पळत आली आणि तिने सगळं उलगडून सांगितलं. त्यानंतर काय व्हावं? तो गृहस्थ स्वतःच्या आईच्या अंगाखालचा टॉवेल ओढून माझ्यापुढे घेऊन आला, आणि बघता बघता माझ्यापुढे टॉवेल तपासून घेणाऱ्यांची रांग लागली. त्यातला एक टॉवेल आपल्या गावचा निघाला. अक्का, त्या परक्या किनाऱ्यावर आपल्या गावचा काठ हाताला लागला तेव्हा मला रडू आलं. महानंदा म्हणते ऊन लागलं होतं.

तिचंही एक सांगतो. सकाळी बंदरावर गेलो तर चार-पाच बापे काहीतरी दगडावर आपटत होते, पाटीत घालून घोळवत होते, फेस येत होता. महानंदा थांबली. "बगा, हितले बापे सोता धुणं धुत्यात," असं म्हणून तिने लग्नापासूनचा माझा हिशेब काढला तो त्यांच्यापाशी पोहोचेपर्यंत पुरला. जवळ जाऊन बघितलं तर त्या धुण्याला आठ पाय होते. तो समुद्रातला प्राणी मऊ व्हावा म्हणून आपटतात आणि मग कच्चाच खातात. शिव शिव करत ती मागे फिरली. तेव्हापासून घरात धुण्याचा विषय निघालेला नाही.

आल्बेरोबेल्लो गावातली घरं म्हणजे ओळीने उलट्या ठेवलेल्या कणग्या. छप्पर नुसतं दगडावर दगड रचून केलेलं, मध्ये चुना नाही. पूर्वी कर वसूल करणारे आले की लोक छप्पर उतरवून ठेवत आणि घरच नाही म्हणत, अशी कथा तिथे सांगतात. दाजींना हे जरूर वाचून दाखव. त्यांनी घरपट्टी वसूल करण्यात उमर घालवली, त्यांना रात्री झोप लागायची नाही.

आता डब्याकडे येतो. (तू पानं उलटून इथूनच वाचायला सुरुवात केली असशील, तर मागे जा. मी कष्ट घेतले आहेत.)

बारीच्या त्या बोळात बायका दारात पाट मांडून रव्याच्या कणकेचे कानाच्या पाळीएवढे तुकडे अंगठ्याने दाबून वाळत घालतात. महानंदाने ते बघितलं आणि ती थेट नुंत्सियाबाईशेजारी जाऊन बसली. तिने त्याच कणकेच्या, खिरीत घालतात तशा नखुल्या आणि गव्हले वळून दाखवले. सगळा बोळ गोळा झाला. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, आणि तासाभराने दोघींना एकमेकींची सगळी दुखणी पाठ झाली होती. त्या आनंदात महानंदाने तुझ्या डब्यातली उरलेली शेंगाचटणी डब्यासकट तिला खाली सोडली. सोडली म्हणजे शब्दशः: तिथे गच्चीतून दोरीला टोपली बांधून सामान वर-खाली करतात. बाईने चटणी पावाला लावून खाल्ली, लाल झाली, तांब्याभर पाणी प्याली आणि बोटं चाटली.

दुसऱ्या दिवशी डबा वर आला तो पिठाच्या खाऱ्या, कडक कड्यांनी भरून. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही ही आपल्याकडची रीत, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. तीच रीत त्या टाचेलाही आहे! खरं तर डबा आपला, आपल्याकडे आला, विषय संपला. पण महानंदा म्हणाली तिचं खाऊन गप बसायचं होय? मग धपाटे खाली गेले. खालून घेवड्याच्या डाळीचं पिठल्यासारखं काहीतरी वर आलं. वरून शेंगापोळी, खालून टोमॅटो लावलेला जाड पाव. (आम्ही मांस खात नाही म्हटल्यावर तिने त्यावर मासे मांडले. मासा तिच्या हिशेबी भाजीत मोडतो. ते आम्ही मांजरीला दिले.) मी म्हणायचो अगं, कुणीतरी थांबा. पण थांबणार ती हरणार, आणि दोघींपैकी कुणालाच हरायचं नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी डबा आमच्याकडे होता. हे नीट ध्यानात घे, अक्का. धुतलेला, पुसलेला, पिशवीत. तेवढ्यात महानंदाला आठवलं की काल खालून बदामाचं गोड आलं होतं. "आन् आपण तसंच निगून जायचं व्हय?" मी म्हणालो शिरा कागदात बांधून दे. त्यावर तिने माझ्याकडे जे बघितलं ते मी इथे लिहीत नाही. डबा शिऱ्याने भरून खाली गेला.

टॅक्सी आली तरी डबा वर येईना. खाली जाऊन बघतो तर बाईने भट्टी पेटवली होती. ती फ्रिसेल्ले करत होती. फ्रिसेल्ले म्हणजे आपली कडक भाकरीच समज: एकदा भाजायची, मधून कापायची, पुन्हा भाजायची, आणि खाताना पाण्यात बुडवायची. पहिलं भाजणं चाललं होतं. मी हाताने डबा उलटा करून दाखवला, म्हणजे रिकामाच द्या. तिला वाटलं मी म्हणतोय एवढ्याने भरणार नाही, तिने आणखी एक ताट भट्टीत सरकवलं. सृष्टीने समजावलं, तर बाई म्हणे माझ्या दारातून जाणाऱ्याचं भांडं रिकामं जायचं नाही, माझी आई वरून बघते आहे. टॅक्सीवाला भोंगा वाजवत होता. विमान काही दुसऱ्या भाजण्यासाठी थांबणार नव्हतं. ती डबा उराशी धरून दारात रडत होती, गाडीत महानंदा रडत होती, आणि मीही रडत होतो. पण माझं रडणं तुझ्या धाकाचं होतं.

तर डबा सुखरूप आहे, हे मी खोटं बोललो नव्हतो. फक्त तो बारीला आहे.

आता मला जे बोलायचं ते बोल. परदेश बघून झाला, माझी हौस फिटली, यापुढे सोलापूरची वेस ओलांडायची नाही असं मी ठरवलं आहे. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
प्रभू

ता. क. लग्नाची काळजी करू नकोस. सृष्टी डबा कुरिअरने पाठवणार होती, पण नुंत्सियाबाई देईना. भरलेलं भांडं परक्याच्या हाती देत नाहीत म्हणे. ती स्वतः घेऊन येते आहे, सृष्टीबरोबर, लग्नाच्या आदल्या आठवड्यात. जन्मात विमानात बसलेली नाही, तिने पासपोर्ट काढला आहे.

ता. क. २ ती उतरणार तुझ्याकडे. मी बोलून बसलो आहे. डब्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवून ती सारखी विचारायची ही दाक्षायणी कोण, तिला तुला बघायचं आहे. आणि आणखी एक, जे सृष्टीने परवा सांगितलं. बाईची लेक जर्मनीत असते, नवरा गेल्यापासून तिच्या दारात कुणाचं भांडं आलं नव्हतं. डबा परत दिला असता तर सगळं तिथेच संपलं असतं, असं ती सृष्टीला म्हणाली. भट्टी काही एवढी हळू तापत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. हे ऐकल्यावर मला तुझा राग आठवला नाही, अव्वा आठवली. बाई आली की तिला तिखट कमी घाल.

ता. क. ३ (हे दाजींना वाचून दाखवू नकोस.) बाई परत निघेल तेव्हा तिला रिकाम्या हाताने धाडू नकोस. तुझं एखादं भांडं भरून दे. स्टीलचं नको, जरा मोलाचं दे, तुझ्या नावाचं, जे नसलं की तुझा जीव थाऱ्यावर राहणार नाही असं. ते परत आणायला मग कुणाला तरी जावंच लागेल. महानंदा बॅग अजून माळ्यावर टाकू देत नाही.