तिसऱ्या खुर्चीवरची

प्रिय महामाया,

शाळेच्या नव्या कॉम्प्युटरांसाठी तुझ्या कंपनीचं कोटेशन मिळालं. खाली तुझी सही दिसली, तेव्हा आधी स्टाफरूमभर मिरवून आले आणि मग वाचलं. सही मात्र अजून तेच कोंबडीचे पाय! शनिवारी शाळा समितीपुढे तू स्वतः बोलायला येणार, आणि ही ऑर्डर मिळाली की तुझी लातूरची नोकरी पक्की होणार, हे तुझ्या आईनं बाजारात गाठून सांगितलं. धोंडाबाई इतक्या खुशीत होत्या की भाजी घ्यायचीच विसरल्या.

इकडे लोह्यात सगळं ठीक. शाळेतलं विकतचं सॉफ्टवेअर आता जुनं झालं आणि नवं आपल्या मशीनवर चालणार नाही, हे तू लिहिलंयस ते खरंच आहे. पण समितीच्या ऐपतीत नवी मशीन सहाच येतील. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी आपल्या बाराही जुन्या मशीनवर लिनक्स टाकून पाहिलं. ते फुकट मिळतं, जुन्यावरही चालतं. सुरुवातीला प्रिंटरनं फार छळलं. हेडमास्तर ज्ञानोबा सर रोज दारात उभे राहून म्हणायचे, "मॅडम, फुकटचं हाय म्हणून घ्यायचं का? उद्या पोरं हापिसात गेल्यावर तिथं हे न्हाई." त्यांचं अगदीच चूक नाही. मी चिडले, त्यांच्याशी बोलणं टाकलं, आणि प्रिंटर चालू झाल्यावर पहिला कागद त्यांच्याच टेबलावर नेऊन ठेवला. आता बाराच्या बारा मशीन सुरू आहेत.

तुमच्या वेळी एका मशीनवर तिघं बसायची. सोमेशनं माऊस धरला की तास संपेपर्यंत सोडायचा नाही, कीबोर्ड दुसऱ्याकडे, आणि तिसऱ्या खुर्चीवर तू, नुसती बघत. एकदा तू फळ्याचं डस्टर मांडीवर घेऊन माऊससारखं सरकवत होतीस. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणालीस, "हात तयार ठेवून राहिले, मॅडम." वर्गात मी हसले, पण घरी आल्यावरही ते डस्टर डोळ्यांपुढून जाईना.

आता वर्गात चोवीस मुलं आहेत, एका मशीनवर दोघं. परवा सुकन्या नावाची नवी मुलगी खुर्ची भिंतीला लावून बसली. पुढे ये म्हटलं तर विचारते, "मी बी हात लावू?" सहाच मशीन राहिली तर एकेकावर चौघं होतील, आणि ती पुन्हा भिंतीला जाईल.

म्हणून शनिवारी मी तुझ्या विरोधात बोलणार आहे. सरांनी निर्णय माझ्यावर सोडलाय, म्हणजे ऑर्डर तुझ्या हातून गेली समज. फोनवर तू "हो मॅडम, हो मॅडम" म्हणाली असतीस आणि मी विरघळले असते, म्हणून पत्र. चारचौघांत ऐकण्याआधी तुला माझ्याकडून कळावं. मला फार वाईट वाटतंय. धोंडाबाईंना काय तोंड दाखवू, तेही सुचत नाही. रागाव माझ्यावर, पण ये. जेवायला माझ्याकडेच, खिचडी आणि चिंचेचा खट्टा करते. आणि बैठकीआधी जरा लवकर पोहोच. खिडकीजवळचं तुमचं ते मशीन अजून चालतं. तू त्यावर बस, माऊस हातात घे. मी शेजारी बसून नुसती बघेन.

तुझीच,
बुशरा मॅडम