कपाटातली कानबाई

अहो,

तुमच्याच टाकाने लिहिते आहे. दौतही तुमचीच. दोन्हींखाली तुमच्या अक्षरातली चिठ्ठी डकवलेली आहे, 'हात लावू नये.' लावला! काय करायचं ते करा.

आजच लिहायला बसले, कारण आज सकाळी कानबाईच्या रोटाचं पीठ संपलं. शेवटची पोळी मीच खाल्ली. तुम्हाला जाऊन वर्ष उलटलं, आणि या वर्षभरात मी मनातल्या मनात तुमच्याशी इतकी भांडले आहे की म्हटलं, आता एकदा कागदावर भांडून मोकळी होते. तुम्हीच म्हणायचात ना, "लिहायला शिकवलंय, तर लिही काहीतरी"? घ्या मग.

आणि अहिराणीत का लिहीत नाही, ते विचारू नका. ती सवय तुम्हीच मोडलीत. पाटीवर मी 'मन्हं घर' लिहिलं की तुम्ही पुसून 'माझे घर' करायचात. आता कसंही लिहिलं तरी खोटंच. घर ना मन्हं राहिलं, ना माझं.

खरं सांगा, घराचं संग्रहालय करायचं हे तुम्ही कोणाकोणाला विचारलंत? मामलेदारांना विचारलंत. शहाद्याच्या वकिलाला विचारलंत. हेडमास्तरांना, शेठजींना, ब्राह्मणपुरीच्या भावजींना, सगळ्यांना विचारलंत. चुलीपुढे बसलेल्या बाईला? मला कळलं ते सुताराकडून! तो काचेच्या कपाटाचं माप घ्यायला आला आणि म्हणाला, "वहिनी, हाई भिंत मोकळी करी द्या."

तेव्हा मी विचारलं तर तुम्ही अगदी शांतपणे म्हणालात, "आपल्याला मूलबाळ नाही. आपल्यामागे आहे कोण? घर सगळ्यांचं करून जाऊ."

आपल्यामागे आहे कोण! अहो, तुमच्यामागे मी नव्हते का?

तुम्ही गेलात आणि पुढच्या खोल्या संग्रहालयाच्या झाल्या. मागचं स्वयंपाकघर आणि न्हाणी तेवढी माझी. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून माणसं येतात, झोपाळ्याभोवती उभी राहतात, तुमच्या आजोबांची तलवार बघतात, पहाडातला ढोल बघतात. मग एखादा चुकून आत डोकावतो. परवा एका म्हाताऱ्याने मला भाकरी थापताना बघितलं आणि दारावरच्या राखणदाराला, वेस्ताला विचारलं, "हाई बी जुनी शे का?" वेस्ता आपला पहाडातल्या काठी गावचा भिल्ल, कमी बोलणारा. त्याने फक्त मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाच ठाऊक!

आणि तुमच्या त्या चिठ्ठ्या! सासूबाईंचं जातं, ज्यावर मी लग्न होऊन आल्याच्या आठवड्यापासून दळलं, त्याच्यावर काय लिहिलंत? 'धान्य दळण्याचे दगडी यंत्र.' यंत्र! भोवती दोरी बांधली. मला दळायचं तर शेजारी जावं लागे. स्वतःचं जातं घरात असताना लोकांच्या ओट्यावर बसून दळायचं, म्हणजे काय ते तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही कधी दळलंत?

पण खरा राग आला तो कानबाईचा. आपली कानबाई, आपल्या घराची देवी. तुमच्या पणजीने पुजलेला तो नारळ, त्याचे चांदीचे डोळे, ती नथ. तुम्ही ती देव्हाऱ्यातून उचललीत आणि काचेच्या कपाटात ठेवलीत, एका बाजूला गंजलेली कट्यार, दुसऱ्या बाजूला फुटकी सुरई. तुमच्या हयातीत निदान श्रावणात बाहेर तरी काढत होतात. गेल्या वर्षी सुतक होतं, बसवली नाही. या वर्षी नागपंचमी जवळ आली आणि मी तुमच्या संग्रहालय कमिटीच्या हेडमास्तरांकडे कपाटाची किल्ली मागितली.

मास्तर म्हणाले, "बाई, ती आता संस्थेची वस्तू आहे. मांडणी हलवायची तर कमिटीपुढे विषय यायला हवा."

वस्तू! मी पदर खोचला तो तेव्हाच.

कमिटी जमायच्या आधीच तुमचे भाऊ दमणीला बैल जुंपून हजर. आत्माराम भावजी माणूस वाईट नाही, पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, घर आते आपलं नई ऱ्हायनं. कानबाई पारकाना घरमा बसत नई. मी तिले ब्राह्मणपुरीले लई जास."

मी म्हटलं, "ती आठे बसनी, आठेच बसी."

तेव्हा त्यांनी मान खाली घातली आणि ते बोलले. मोठ्याने नाही बोलले, पण बोलले. म्हणाले, "रोट कोनी मूठना करशी, वहिनी? घरमा माणूस शे का?"

 रीत मला का ठाऊक नव्हती? घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात पडतात, त्याच गव्हाचं पीठ घरच्या जात्यावर दळायचं, त्याचाच रोट. तो घरच्यांनीच खायचा, उंबऱ्याबाहेर कणही न्यायचा नाही. तुम्ही होतात तोवर तुमची मूठ होती. तुमच्यानंतर या घरात मूठच नाही. मूठ नाही तर रोट नाही, रोट नाही तर कानबाई कशाला थांबेल? उरेन मी आणि तुमची फुटकी सुरई!

बैल सोडून भावजींना जेवायला वाढलं. त्यांनी सांगून टाकलं, शनिवारी परत येतो, कानबाई बांधून ठेवा. मी त्या दिवशी जेवले नाही. तुमच्यावर रागावून जेवले नाही, त्यांच्यावर नाही. तुम्ही बांधलेली गाठ, मला सोडवायला ठेवून गेलात.

मग कमिटी जमली, तुमच्याच झोपाळ्याच्या खोलीत. मास्तर, शेठजी आणि बाकीची नेहमीची डोकी. मी माजघराच्या दारात उभी राहिले, डोक्यावरून पदर घेऊन. मला कोणी बोलावलं नव्हतं. पण माझ्याच घरात मला कोण हटकणार?

मी विचारलं, "मास्तर, हे घर कोणाचं?"

मास्तर खूश झाले. तुमचंच शिकवलेलं वाक्य म्हणाले, "सर्वांचं, बाई. ते तर त्यांचं स्वप्न."

"तुमचंही?"

"अर्थातच."

"शेठजी, तुमचंही?"

"हो भाभी, गावाचं ते आमचं."

मी आतून सूप आणलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "मग टाका मूठ. घर ज्यांचं, गहू त्यांचे. आणि रविवारी कानबाई बसली की इथेच बसून रोट खायचा. घरच्यांनी घरच्यासारखा."

अहो, त्या वेळची त्यांची तोंडं तुम्ही बघायला हवी होती! मास्तर चष्मा पुसायला लागले. म्हणाले, "आमच्याकडे सोवळ्याओवळ्याचं जरा... आईचं वय झालंय, तिला काय सांगू?" शेठजी म्हणाले, "भाभी, आमचा चौमासा चालू आहे. घराबाहेरचं पाणीसुद्धा विचार करून घेतो." मी म्हटलं, "घराबाहेरचं कुठे? आत्ताच म्हणालात ना, घर तुमचं!" कोणी वर बघेना. शेवटी ठरलं की हा विषय पुढच्या सभेत घ्यावा.

कानबाई काय पुढच्या सभेपर्यंत श्रावण थांबवून ठेवते?

मला रडूच आलं. तुम्ही ज्या लोकांच्या भरवशावर माझं घर वाटून टाकलंत, त्यांना घर हवं होतं ते बघायला आणि पाहुण्यांना दाखवायला. त्यात जेवायला नको होतं. मी सूप उचलून आत गेले.  सगळे निघून गेल्यावर झाडायला गेले, तर झोपाळ्यावर कपाटाची किल्ली पडलेली. मास्तर आणि किल्ली विसरणार? शाळेच्या घंटेचा हातोडासुद्धा घरी न्यायचे ते!

शनिवारी सकाळी मी जात्याची दोरी सोडली. चिठ्ठी काढून चुलीत घातली. होय, तुमच्या हाताची चिठ्ठी! जातं पुसलं, धुतलं आणि सूप घेऊन बसले.

मागच्या दाराची कडी वाजली. मास्तर. उपरण्याच्या टोकाला गाठ. गाठ सोडून त्यांनी घाईघाईने गहू सुपात टाकले आणि म्हणाले, "कोणाला बोलू नका, बाई. विशेषतः शेठजींना." ते परसातून बाहेर पडतात न पडतात, तर शेठजी. त्यांनी गहू निवडून, पुसून आणले होते, एकही किडका नाही. "भाभी, मास्तरांच्या कानावर जायला नको. उगीच चर्चा होते."

मी पदर तोंडात धरून बसले. इतकी हसले तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

वेस्ता मात्र पुढच्या दाराने आला. त्याला कोणी विचारलंच नव्हतं. तो उंबऱ्याशी थांबला, मूठ पुढे केली आणि म्हणाला, "मी बी आठेच ऱ्हास." माझाही हात क्षणभर अडखळला, खोटं कशाला सांगू? सासूबाई असत्या तर सूप उपडं केलं असतं. मग मला आठवलं, वर्षभर रात्रंदिवस या घराच्या दारात कोण बसलं आहे. मी सूप पुढे केलं.

दुपारी भावजी दमणी घेऊन आले. सोबत रिकामी टोपली आणि नवं लुगडं, कानबाई गुंडाळून न्यायला. सुपात गहू बघून थबकले. "हाया कोना?" म्हणाले. मी म्हटलं, "घरना माणसंना."  ते माघारी वळले, दमणीतल्या पोत्यात हात घातला आणि सुपात मूठ रिकामी केली. म्हणाले, "मी बी ह्याच घरमा जन्मनू." मी कपाट उघडून कानबाई बाहेर काढली आणि ते लुगडं तिलाच नेसवलं.

रविवारी काय गंमत झाली असेल, तुम्हीच ओळखा! मी पुरण घातलं, गंगाफळाची भाजी केली, कटाची आमटी केली. मास्तर परसदारातून आले, इकडेतिकडे बघत. आत येऊन बघतात तो पाटावर शेठजी! शेठजींनी ताटावरून मान वर केली आणि दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. शेठजी म्हणाले, "या, बसा मास्तर, पोळी गार होते." पलीकडे वेस्ता, त्याच्या शेजारी भावजी.  सगळे खाली बघून जेवले, पण काय जेवले! मी वाढता वाढता थकले. भावजींनी तर तूप परत परत मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कानबाई नदीवर नेऊन आणली. आणल्यावर ती देव्हाऱ्यात ठेवली, कपाटात नाही. कपाटाच्या त्या जागेत काय ठेवायचं ते कमिटी ठरवेल. मी मास्तरांना सांगितलं, हा विषय खुशाल पुढच्या सभेत घ्या.

आता तुम्ही तिकडे बसून मिशीत हसत असाल. म्हणत असाल, "बघ, झालं की नाही घर सगळ्यांचं?" झालं हो, झालं! पण ते तुमच्या त्या वकिली कागदाने झालं नाही. आणि दरसाल या सगळ्यांना पुरण घालायचं कोणी? मीच ना? त्याचा विचार केला होतात?

एक सांगायचं राहिलं. शनिवारी मास्तरांनी गाठ सोडली, तेव्हा सूप रिकामं नव्हतं. त्यात आधीच सव्वा मूठ गहू होते. मास्तरांनी वाकून बघितलं आणि विचारलं, "माझ्या आधी कोण येऊन गेलं?"

मी म्हटलं, "कोणी आलेलं नाही. ती घरच्याची मूठ आहे."

त्यांना वाटलं, तुमच्या नावाची. पण गेलेल्याची मूठ टाकत नाहीत, हे मला कळतं. ती माझी होती. लग्न होऊन आल्यापासून दर श्रावणात या घराचा रोट मी दळला, मी लाटला, मी भाजला, आणि माझ्या नावाची मूठ कधी कोणी टाकली नाही. तुम्हीही नाही. तुम्हाला सुचलंसुद्धा नाही, आणि मलाही या शनिवारपर्यंत सुचलं नव्हतं.  या वेळी टाकली.

तुमचं संग्रहालय मी बंद पडू देणार नाही, हा माझा शब्द. तलवार पुसीन, ढोलाला ऊन दाखवीन, आलेल्याला पाणी देईन. पण जात्याला पुन्हा दोरी बांधणार नाही. आणि पुढच्या श्रावणात कोणी येवो न येवो, सुपात पहिली मूठ पडेल ती माझीच.

टाक पुसून जागेवर ठेवते. चिठ्ठी आहे तशीच राहू दे, बाकीच्यांसाठी.

तुमच्यामागे असलेली,
जमना