वळचणीखालची जागा

अल अमेरात,
११ फेब्रुवारी

चि. रेवास अनेक आशीर्वाद.

त्या सकाळी मी पडदे धुतले होते. आदल्या दिवशी धुळीचं वारं सुटलं होतं. साईदादाचा डबा भरला, गॅलरी पुसली आणि पडदे दोरीवर टाकत होते, तेवढ्यात तुझा फोन आला. तेव्हापासून फोनवर माझ्याने बोलवत नाही, म्हणून पत्रं लिहिते.

इकडे बरं आहे. साईचं काम सध्या लांब रुस्ताकला असतं, उशिरा येतो. खालची खुदेजा सांदणं पाठवते.

तुझ्या गावच्या चर्चचे फोटो परत पाहिले. साईने आणलेलं तिकडच्या जुन्या इंग्रजी चर्चांचं पुस्तक मी शब्दकोश घेऊन वाचते. तुमचा मनोरा गोल, गारगोट्यांचा आहे. कोपऱ्यांना लागणारा घडीव दगड त्या भागात मिळत नसे म्हणून गोल बांधत, असं काहींचं म्हणणं. आतली कमान अर्धगोल आहे, म्हणजे ती टोकदार कमानींच्या आधीची.

परवाच्या मेसेजमध्ये तू चिडलीस. "आई, कमानी पुरे. माझ्या बाळाबद्दल एक तरी वाक्य लिही!"

लिहिते. तुझ्या सासूबाई म्हणाल्या ना, "आपलं लेकरू परक्या देवाच्या अंगणात कशाला पुरलं?" त्यांना सांग, दात न आलेल्या बाळाला आपल्यातही अग्नी देत नाहीत, मातीच देतात. तुमच्या पाद्रीबाईंनी जागा दिली, त्यांचे उपकार.

पुस्तकात आहे, फार पूर्वी तिकडे काही ठिकाणी तान्ह्या बाळांना चर्चच्या भिंतीलगत, वळचणीखाली पुरत. छपरावरून उतरलेलं पाणी पवित्र होऊन त्यांच्यावर पडावं म्हणून असेल, असा जाणकारांचा अंदाज. ते वाचून तू पाठवलेला फोटो मी पुन्हा उघडला. मातीचा तो लहान उंचवटा भिंतीपासून लांब आहे. पागोळ्या तिथवर पोचणार नाहीत.

तिचं नाव ठेवलंस का, हेही मी विचारलं नाही.

तू बोलावतेस. साई तिकीट काढायला तयार आहे. खुदेजा रोज टोचते, "जा गो, पोर एकटी हाय. माय हायस का कोन?" पण रेवा, मी येणार नाही. तुझ्या बाबांच्या चितेसमोर उभी राहिले, त्यात माझं होतं नव्हतं ते संपलं. तिथे येऊन तुला धरायला माझ्यात काही उरलेलं नाही. रागाव माझ्यावर.

तुझा फोन आला त्या दिवशी मी रडले नाही. बाळंतविडा शिवून तयार होता: झबली, टोपडी, कुंची, दुपटं. दुसऱ्या दिवशी मी तो खुदेजाच्या गरोदर सुनेला, अंबरीनला, काही न सांगता देऊन आले.

तुझीच,
आई