लहानूबाबांचे सातशे एमबी

सोमवार, १८ नोव्हेंबर २००२

नाही, माझं काही चुकलेलं नाही! आणि तू असं कोरं तोंड करून बघू नकोस माझ्याकडे. पान आहेस ना — मग ऐकून घे.

होम नावाचं फोल्डर रिकामं आहे. कालपर्यंत त्यात माझं सगळं होतं. आज आत एकच फोल्डर, ‘लॉस्ट अँड फाउंड’. ते उघडलं. तेही रिकामं! मशीन माझी थट्टा करतंय का?

मयूरवर ओरडले. खाली, दुकानात, गिऱ्हाईकासमोर. “नवी डिस्क फॉरमॅट करायची होती, तू जुनी केलीस! एकीचं नाव एचडीए, दुसरीचं एचडीबी. एवढं एक अक्षर सांभाळता येत नाही?”

“निके, लिनक्स जुनीवरच बसलंय ना? ती उडवली असती तर मशीन सुरू तरी झालं असतं का?”

“मला नको शिकवूस. नवरदेवाच्या जागी मामाचं नाव छापणारा तू!”

पत्रिका छापायला आलेले काका हातातलं प्रूफ पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. मयूर माझ्याकडे पाठ करून त्यांच्याशी बोलायला लागला.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

झालं काय ते नीट लिहून काढते. म्हणजे मलाच कळेल.

मयूर कॉलेजपासूनचा मित्र. पंचवटीत त्याचं डीटीपीचं दुकान आहे. पोटमाळ्यावर त्याचं जुनं मशीन पडून होतं, ते त्यानं मला लिहायला दिलं. विंडोज काढून टाक असं मीच म्हटलं — सगळे वापरतात ते मला नको होतं. मासिकाबरोबर आलेल्या फुकट सीड्यांवरून लिनक्स टाकलं. परवा जागा संपत आली म्हणून मयूरनं आत दुसरी, नवी डिस्क जोडून फॉरमॅट करून दिली. आता सी नाही, डी नाही. सगळं एका तिरक्या रेघेपासून सुरू होतं आणि मला कळतच नाही मी कुठल्या डिस्कवर उभी आहे.

त्या मशीनवर लहानूबाबा होते. सुरगाण्याच्या पलीकडच्या पाड्यावरचे थाळकरी. काशाच्या थाळीवर मेणानं एक काडी उभी चिकटवायची, ओल्या बोटांनी ती वरून खाली ओढत राहायची. भुंग्यासारखा आवाज निघतो. त्यावर कथा. कुणी गेलं की त्याच्या दिवसाला म्हणतात ती. गेल्या वर्षी त्यांनी ती नुसती माझ्यासाठी म्हटली. तीन कॅसेटी, साडेचार तास. मयूरच्या मशीनवर त्यांच्या फायली केल्या, मग माझ्या मशीनवर नेल्या. मयूर म्हणाला, “माझ्याकडे सातशे एमबी अडलेत. लग्नाचा सीझन आलाय. उडवू?” मी म्हटलं, उडव.

आणि कॅसेटी?

उद्या लिहीन.

बुधवार, २० नोव्हेंबर

कॅसेटींवर मी माझं श्रुतिनाट्य टेप केलं. नळाचं थेंबथेंब पाणी, जिन्यावरची पावलं, मधे मधे माझा श्वास. प्रयोग! मी ऐकलं, मयूरनं ऐकलं. तो अर्ध्यात झोपला.

लहानूबाबा श्रावणात गेले.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

मंगळू आला होता. लहानूबाबांचा मुलगा. द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरीकडे आहे, तिथून आला. दारातच चपला काढल्या, दुकान असून.

“ताई, भात निघालं. एक तारखेला बाचा दिवस धरलाय.”

“बरं झालं,” म्हणाले.

“आता आमच्याकडं थाळीवर बसणारा कोन नाय राहिला. आई म्हनली, निकिताताईकडं बाचा आवाज हाय, जाऊन ये. मंग बाच्या दिवसाला बाच म्हनंल!” हसला. डोळे नव्हते हसत. “हाय ना?”

“आहे.”

पोटमाळ्यावर चढून त्यानं मशीन बघितलं. “येवढ्याशा डब्यात मावला? बा तर घरातबी वाकून शिरायचा.”

कुसाबाईनं — त्याच्या आईनं — नव्या भाताचे तांदूळ पाठवलेत. पिशवी कीबोर्डशेजारी ठेवून गेला. मी ती हलवली नाही.

आहे म्हणाले मी. आहे!

शनिवार, २३ नोव्हेंबर

आठवणीतून कथा लिहायला बसले. कणसरी, धान्याची देवी, रुसून निघते तिथपर्यंत येते, पुढे माझीच वाक्यं सुरू होतात. तुटक, हुशार, कंसांनी भरलेली. लहानूबाबा साडेचार तासांत एकदाही हुशार झाले नव्हते.

फाडलं.

रविवार, २४ नोव्हेंबर

एवढे दिवस रूट म्हणून आत जायचे, म्हणजे मालकासारखं. आज स्वतःच्या नावानं गेले. मशीन म्हणालं, तुझं फोल्डरच नाही, तात्पुरती इथं बस. आणि सगळ्याच्या मुळाशी, त्या तिरक्या रेघेवर आणून बसवलं मला.

परत मासिक काढलं. नव्या डिस्कला सी-डीसारखं वेगळं दार नसतं म्हणे. ती कुठल्या तरी फोल्डरवर चढवायची. मी होमवर चढवली, जागा तिथेच कमी पडत होती म्हणून. मशीन सुरू होताना दर वेळी आपोआप चढावी म्हणून एका फाइलीत ओळसुद्धा लिहिली. सगळं मासिकाबरहुकूम! मग?

एका शब्दावर थांबले. ‘रिकाम्या’. नवी डिस्क रिकाम्या फोल्डरवर चढवावी, असं आहे. का, ते नाही. माझं होम रिकामं कुठे होतं? पण मग आतलं गेलं कुठे? चढवलं म्हणजे पुसलं का? वर बसवलं म्हणजे खालचं चिरडलं?

डोकं दुखतंय.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

मयूर माझ्याशी गिऱ्हाइकामार्फत बोलतो. आज एका बाईंना म्हणाला, “वर बसलेल्यांना सांगा, चहा आलाय.” त्या बिचाऱ्या खरंच जिन्याशी येऊन सांगून गेल्या.

सॉरी म्हणायला उतरले होते. चहा पिऊन वर आले.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

मॉनिटरवर पत्रिकेचा रद्दी तुकडा चिकटवलेला. पुढे ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’, मागे मयूरचं अक्षर:

‘तू नसताना बघितलं. जुन्या डिस्कवर दिसतात त्या सगळ्या फोल्डरांची बेरीज सोळाशे एमबी. डिस्क स्वतः म्हणते, तेवीसशे भरलेत. सातशे कुठे लपलेत?’

दहा वेळा वाचलं. मग भीती वाटली — बघायची. आज नाही बघत. आज ते सातशे असू शकतात तरी.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

मयूरला वर बोलावलं. “तू बस,” म्हटलं. तो उभाच राहिला.

नवी डिस्क होमवरून उतरवली. एक ओळ, एंटर. काही आवाज नाही, काही नाही. होम उघडलं.

सगळं होतं! माझ्या अर्धवट कथा, मूर्ख कविता आणि थाळ एक, थाळ दोन, थाळ तीन. जागचं हललंही नव्हतं काही. मी त्यांच्यावर कोरी डिस्क पसरून बसले होते आणि वर मीच ओरडत होते.

“भरल्या डब्यावर रिकामं ताट झाकलंस,” मयूर म्हणाला. “आणि डबा चोरला म्हणून माझ्या नावानं बोंब.”

“सॉरी.”

“गिऱ्हाइकासमोर म्हण.”

म्हटलं. त्या काकांनाच म्हटलं, ते पत्रिका न्यायला आले होते. त्यांना काही कळलं नाही. “असू दे, असू दे, नाव बरोबर आलंय,” म्हणाले.

शनिवार, ३० नोव्हेंबर

पाड्यावर टेपरेकॉर्डरच चालेल, म्हणून मशीनला वायर लावून पुन्हा कॅसेटी करते आहे. साडेचार तासांचे साडेचार तासच लागतात. बसून ऐकलं सगळं.

कथा संपली की मी नेहमी थांबवायचे. आज हात पिशवीतले तांदूळ निवडण्यात गुंतले होते, फाइल पुढे चालत राहिली. थाळी खाली ठेवल्याचा आवाज. कोंबडी. मग लहानूबाबा, साध्या आवाजात:

“पोरी, लिवून झालं का ह्ये पुसून टाक. मी मेल्यावर माजा आवाज हितं फिरता कामा नाय. मान्साला पुढची वाट दावायला कथा असती. त्याचाच आवाज मागनं आला तर तो वळून बघंल. मंग कसा जाईल?”

आणि माझा आवाज. चटकन, रेकॉर्डर आवरायच्या घाईत: “हो बाबा, पुसते.”

मला हे आठवतही नाही! कसं आठवत नाही?

परत लावलं. मागे अजून कुणीतरी आहे. बांगड्या, मग बाईचं बोलणं, अगदी माइकजवळ: “पुसंल ती. बोलली ना.”

कुसाबाई.

म्हणजे तिनं ऐकलं होतं. आणि तिनंच मंगळूला पाठवलं. कशाला? बाबांनी वळून बघावं म्हणून? की मी पुसलं का, ते बघायला? आणि मी मंगळूला काय म्हणाले — आहे!

दहा दिवस रडले ते हरवलं म्हणून. हरवायलाच तर हवं होतं.

डिलीटची ओळ टाइप केली. एंटर नाही दाबलं. पुसलीही नाही ओळ. बसले नुसती.

रविवार, १ डिसेंबर

सकाळी नवी डिस्क परत होमवर चढवली. आता खाली ते आहेत आणि दिसत नाहीत. पुसलं नाही, ठेवलं असंही म्हणता येत नाही. एवढंच जमलं.

कॅसेटी पिशवीत, तांदळाच्या खाली. मंगळूसमोर काढणार नाही. आधी कुसाबाईला एकटीला विचारीन. ती म्हणेल ते.

सुरगाण्याची गाडी सव्वासातला आहे. खाली मयूर शटर वर करतोय. बघताक्षणी विचारेल, काय केलंस शेवटी?

मागच्या जिन्यानं निघते.