शार्कोच्या डाव्या डोळ्यात

रातोमिर,

'प्रिय' तुझ्या नव्या बायकोने लिहावं.

आपला कुत्रा शार्को गाडीखाली गेला, असं तूच सांगितलं होतंस ना? वर्षभर रडले मी. परवा तिनेच, मी कोण हे न कळता, चित्रकार म्हणून माझ्याकडे तिच्या कुत्र्याचं चित्र मागितलं. तिने पाठवलेल्या फोटोत तोच फाटका कान, मागे तुझे बूट!

"ताई, डोळे अगदी जिवंत काढा हं," म्हणाली.

काढले. टॅबलेटवर डोळा मोठा करून डाव्या बुबुळात मी स्वतःला रंगवलं, हातात रिकामा पट्टा धरलेली.

तुमच्या घराण्याच्या संताच्या सणाला ती ते भिंतभर मोठं छापून लावणार आहे. तुझी आई चष्मा सावरत सगळ्या पाहुण्यांसमोर ओरडेल, "अगं बाई, याच्या डोळ्यात तर आपली येलिसावेता!"

पत्र पाठवत नाही. सावध करायला तू माझा कोण लागतोस?

— शार्कोची येलिसावेता